फोर्ट कोचीत फोर्टच नाहीये, म्हणून तर गाइड घ्यायचा

आधीच सांगून टाकते, केरळातल्या फोर्ट कोचीला किल्ला नाहीये. आपण लहानपणापासून किल्ले चढलेली माणसं, नावात फोर्ट दिसलं की तटबंदी, बुरूज, निदान एखादी गंजकी तोफ तरी असणारच असं धरून जातो. मी पण तशीच गेले होते पहिल्यांदा. जेट्टीवर उतरून रिक्षावाल्याला म्हटलं किल्ल्यापाशी सोडा, तर तो हसला आणि मोडक्या हिंदीत म्हणाला, मॅडम तुम्ही किल्ल्यातच उभ्या आहात.

झालंय असं की 1503 मधे पोर्तुगीजांनी इथे किल्ला बांधला, 1663 मधे डचांनी तो जिंकला आणि आवरून लहान केला, 1795 मधे इंग्रज आले आणि पुढच्या काही वर्षांत त्यांनी तटबंदी पाडूनच टाकली. आता उरलंय काय तर नाव, बुरुजांचे थोडेफार अवशेष आणि रस्त्यांची जुनी आखणी. रायगडावर गाइड नसला तरी नगारखाना दिसतो, बाजारपेठेची जोती दिसतात, आपण आपलं काहीतरी लावून घेतो. इथे जे बघायला आलोय तेच गायब आहे, आणि जे उभं आहे ते चारचार हातांतून गेलेलं आहे. त्यामुळे नुसतं फिरलात तर छान झाडं, छान कॅफे, पिवळ्या भिंती, फोटो, संपलं. मी त्या पहिल्या वेळी एक्झॅक्टली हेच करून आले, वर शुक्रवारी दुपारी शेजारच्या मट्टांचेरीला पोचले आणि राजवाडा बंद, सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) बंद, दोन्ही कुलपं बघून परत. दुसऱ्यांदा आईला आणि भाच्याला घेऊन गेले तेव्हा मात्र पायी फिरवणारा गाइड घेतला आणि तेच गाव वेगळं निघालं. त्यातून जे शिकले ते लिहितेय, जाणार असाल तर उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट वार. मट्टांचेरीचा राजवाडा शुक्रवारी बंद असतो. सिनेगॉग शुक्रवारी दुपारनंतर आणि शनिवारी अख्खा दिवस बंद, शब्बाथ म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस म्हणून, शिवाय ज्यू सणांनाही. रविवारी सकाळी चर्चमधे प्रार्थना चालू असते, तेव्हा आत घुटमळता येत नाही. म्हणजे वीकेंडला जोडून जाणाऱ्या आपल्या लोकांची नेमकी गोची होते. सोमवार ते गुरुवार मधला एक दिवस मिळाला तर डोळे झाकून तो घ्या. शनिवार-रविवारच हातात असेल तर शनिवारी फोर्ट कोची आणि रविवारी मट्टांचेरी असं तोडा, एका दिवसात दोन्ही कोंबू नका. नकाशात हे दोन भाग चिकटलेले दिसतात पण मधे अडीच-तीन किलोमीटर आहेत आणि त्या दमट हवेत ते पाच वाटतात. मुंबईकरांना सवय असते, आम्ही पुणेकर मात्र दहा वाजेपर्यंत पिळून काढलेल्या फडक्यासारखे झालो होतो.

सीझन नोव्हेंबर ते फेब्रुवारी. जूनपासून पाऊस असतो आणि कोकणातल्यासारखाच बदाबदा असतो, तसं फिरायला आवडत असेल तर जा, पण पायी टूर मग अर्धी एखाद्या पडवीत उभं राहूनच होते.

आता गाइड. इथे साधारण तीन प्रकार भेटतात. एक म्हणजे ग्रुप वॉक, दहा-पंधरा अनोळखी लोक आणि एक गाइड. दुसरा खाजगी, फक्त तुमच्यासाठी. तिसरा रिक्षावाला, जो स्वतःच म्हणतो चला सगळं दाखवतो, खूप कमी पैशात. तिसऱ्याबद्दल थोडं जपून. रिक्षावाले गोड असतात, माहितीही देतात, पण भाडं इतकं कमी का आहे हे विचारा स्वतःला, कारण मधे दोन-तीन दुकानं येतात, तिथे तुम्ही नुसते आत जाऊन आलात तरी त्याला काहीतरी मिळतं. आमच्या पहिल्या ट्रिपला मी एका दुकानात पाऊण तास काश्मिरी शाली बघत होते, केरळमधे, घामाने भिजलेली. शाली!

म्हणून बुक करायच्या आधी गाइडला फोनवर चार गोष्टी सरळ विचारायच्या. किती जण असणार, कारण आठच्या वर गेले की मागच्यांना ऐकू येत नाही. किती तास आणि त्यातलं चालणं किती. मधे शॉपिंगचा स्टॉप आहे का, असेल तर नको म्हणायचं, ह्यात लाजायचं काही नाही. आणि तिकिटं धरून पैसे सांगतोय की सोडून. पर्यटन खात्याचं लायसन असलेला गाइड असेल तर गळ्यात कार्ड असतं, ते दाखवा म्हटलं तर चांगला माणूस चिडत नाही.

आणि माझी एक चाचणी आहे, ती फुकट घ्या. त्याला विचारा की किनाऱ्यावरची मासे पकडायची ती मोठाली चिनी जाळी इथे कोणी आणली. जो ठासून एकच नाव सांगतो तो पाठ केलेलं बोलतोय. जो म्हणतो की बघा, कोणी म्हणतं कुबलाई खानाच्या दरबारातले लोक, कोणी म्हणतं झेंग ह हा चिनी दर्यासारंग, आणि कोणी म्हणतं मकाववरून आलेल्या पोर्तुगीजांनी आणली कारण जाळ्याच्या भागांची नावं पोर्तुगीज वळणाची आहेत, तो माणूस घ्या. आमच्या गाइडने हे तिन्ही सांगून वर म्हटलं की मला शेवटचं पटतं पण माझ्या बायकोला नाही पटत. तिथेच मी ठरवलं की हा चालेल.

भाषेचं पण आधी बघा. बहुतेक जण इंग्रजीत बोलतात, हिंदी येणारेही भेटतात. घरात कोणाला इंग्रजी अवघड जात असेल तर आपण मागे उभं राहून कुजबुजत भाषांतर करू असं मनात आणू नका, त्यात भाषांतर करणाऱ्याचं पुढचं वाक्य निसटतं आणि ऐकणाऱ्याला अर्धंच मिळतं. गाइडला आधीच सांगा की प्रत्येक ठिकाणी दोन मिनिटं आम्हाला बोलायला द्या. आमच्यात तर शेवटी उलटंच झालं, आई हिंदीत थेट त्यालाच प्रश्न विचारायला लागली आणि मी नुसती पाण्याची बाटली धरून.

कपडे सुती, टोपीपेक्षा छत्री बरी, ऊन आणि पाऊस दोन्हीला चालते. बूट नकोत, पटकन काढता-घालता येतील अशा सँडल घाला कारण सिनेगॉगमधे, देवळात, सगळीकडे काढायच्याच असतात. खांदे आणि गुडघे झाकलेले असू द्या. केरळमधल्या बऱ्याच देवळांत पुरुषांना शर्ट काढून आत जावं लागतं, भाच्याला हे आधी सांगितलं नव्हतं म्हणून तो बाहेरच रुसून बसला, तेरा वर्षांचा मुलगा, काय करणार.

सुरुवात सकाळी सातच्या आत करायची, जाळ्यांपासून. पाण्यापलीकडे एर्णाकुळमला राहत असाल तर पहिल्या बोटीने या. सरकारी बोट आहेच, शिवाय 2023 पासून वॉटर मेट्रो सुरू झालीय ती फोर्ट कोचीपर्यंत येते, एसी आहे, स्वच्छ आहे, पण मला विचाराल तर जाताना जुनी बोट घ्या, वारा लागतो आणि वाटेत विलिंग्डन बेट दिसतं. ते बेट बरंचसं बंदर खोदताना निघालेल्या गाळाचं बनवलेलं आहे, रॉबर्ट ब्रिस्टो नावाच्या इंग्रज इंजिनिअरने 1920 नंतर हे काम काढलं होतं. आणि मुळात कोची बंदर झालं कसं, तर 1341 मधे पेरियार नदीला प्रचंड पूर आला, मुझिरिसचं जुनं बंदर गाळाने भरून गेलं आणि इकडे समुद्राला नवं तोंड फुटलं असं सांगतात. म्हणजे एका गावाचं बंदर गाळाने गेलं आणि त्याच पाण्याने दुसऱ्याचं उघडलं. हे गाइडकडून बोटीतच ऐकायला मिळालं तर पुढचं सगळं नीट लागतं, म्हणून शक्य असेल तर त्याला जेट्टीवर बोलवा, हॉटेलवर नको.

जाळ्यांपाशी मात्र घाई करू नका. तिथले लोक त्याला चीनवल म्हणतात. लांबून ती कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसतात (आठ पायांचा कोळी हो, मासे पकडणारा नाही), जवळ गेलं की समजतं की हा एक प्रचंड तराजू आहे. पुढे पाण्यावर जाळं, मागे दोरांना लोंबकळणारे मोठाले दगड. एक माणूस मुख्य वाशावरून चालत पुढे जातो, त्याच्या वजनाने तोल जाऊन जाळं पाण्यात उतरतं, थोडा वेळ थांबायचं, मग चार-सहा जण मागचे दोर ओढतात, दगड खाली येतात, जाळं वर. इंजिन नाही, मोटर नाही. भाचा, जो तोपर्यंत मोबाईलमधे होता, तो इथे पहिल्यांदा वर बघायला लागला. ओढून बघा म्हणून ते बोलावतात, मजा येते, फक्त पैसे किती ते आधीच ठरवा. मासे फार कमी येतात हल्ली हे पण दिसतं, अन् काही जाळ्यांचे लाकडी वासे जाऊन लोखंडी पाइप आलेत. बाजूलाच मासळी विकायला असते, घेऊन शेजारी शिजवून मिळते, वजन आणि शिजवायचे पैसे दोन्ही वेगवेगळे विचारा नाहीतर बिलाच्या वेळी तोंड पडतं.

तिथून किनाऱ्याच्या पायवाटेने चालत गेलं की जुन्या बंदराचे वाफेचे बॉयलर गंजत पडलेले दिसतात, लोक त्यावर टेकून सेल्फी काढतात. बॅस्टियन बंगला लागतो, 1667 चा, डच किल्ल्याच्या बुरुजाच्या जागी, इथे गाइडला म्हणा की मला किल्ल्याची हद्द दाखव, तट कुठून कुठे जायचा ते. नुसत्या हाताने दाखवतो तो, ते झाड, ती भिंत, तो कोपरा, पण त्यानंतर डोक्यात किल्ला उभा राहतो. माझ्यासाठी अख्ख्या टूरचे पैसे इथेच वसूल झाले. पुढे डच दफनभूमी, 1724 ची, बहुतेक वेळा कुलूप असतं, फाटकातूनच बघायची. फाटकात दोन मिनिटं पुरतात.

मग सेंट फ्रान्सिस चर्च. बाहेरून अगदी साधं, पण भारतात युरोपियनांनी बांधलेलं सगळ्यात जुनं चर्च म्हणून हेच सांगितलं जातं. 1503 मधे लाकडी होतं, नंतर दगडी झालं. वास्को द गामा 24 डिसेंबर 1524 ला कोचीतच वारला आणि इथे पुरला गेला, पुढे त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले, आता रेलिंग लावलेली रिकामी जागा आहे. सगळे पर्यटक तिथे गर्दी करतात. तुम्ही त्याऐवजी भिंतींकडे जा, जुने थडग्यांचे दगड भिंतीत बसवलेत, पोर्तुगीज एका बाजूला, डच दुसऱ्या बाजूला, जहाजं, कवट्या, घराण्यांची चिन्हं कोरलेली. आणि वर बघा, लांबलचक कापडी झालरीचे पंखे टांगलेत, त्यांच्या दोऱ्या भिंतीतून बाहेर गेलेल्या. आत साहेब प्रार्थना करणार आणि बाहेर उन्हात एक माणूस दोरी ओढत बसणार. आईने विचारलं त्या माणसाला आतलं काही ऐकू येत असेल का. गाइड गप्पच झाला एक मिनिट.

ह्या एकाच इमारतीत सगळा इतिहास कसा बसतो ते बघा, पोर्तुगीज होते तोवर कॅथलिक, डच आले तेव्हा प्रोटेस्टंट, इंग्रजांकडे गेल्यावर अँग्लिकन, आणि आता चर्च ऑफ साउथ इंडियाकडे. इमारत तीच.

समोर परेड ग्राउंड आहे, तिघांच्याही फौजा इथे कवायत करायच्या, आता पोरं फुटबॉल आणि क्रिकेट एकत्रच खेळतात, म्हणजे चेंडू कुठला कोणाचा ते त्यांनाच माहीत. जवळच 1740 चा दरवाजा आहे, वर डच ईस्ट इंडिया कंपनीची अक्षरं एकमेकांत गुंफलेली, बघायला विसरू नका, लहान आहे, निसटतो. सांता क्रूझ बॅसिलिका ह्याच्या उलट, डोळ्यात भरणारी. मूळ पोर्तुगीज चर्च डचांनी पाडलं नाही, कोठार म्हणून वापरलं, ते इंग्रजांनी 1795 मधे पाडलं, आत्ताचं 1905 मधलं. जुन्या चर्चचा एक खांब आवारात ठेवलाय. आतली चित्रं अंतोनियो मोस्केनी नावाच्या इटालियन जेझुइटाची, मंगळूरचं सेंट अलोशियस चॅपल ज्यांनी पाहिलंय त्यांना हात ओळखीचा वाटेल, तेही त्याचंच.

इथपर्यंत साडेदहा वाजतात. आता चहा, पळंपोरी म्हणजे केळ्याची भजी, आणि सावलीत बसून राहायचं. काहीजण इथून लगेच पुढे दामटतात, ते करू नका, गाइडचं पहिलं सेशन इथे संपवा आणि दुसरं तीननंतर ठेवा. त्यालाही जेवायचं असतं.

मट्टांचेरीला रिक्षाने जा पण बाजार रोडच्या तोंडाशी उतरा आणि तिथून चाला. मसाल्याची जुनी गोदामं, मिरीचा, सुंठीचा वास, हातगाड्या, पोती. कोणी काही दाखवत नाही, वासच टूर करतो.

राजवाड्याला डच पॅलेस म्हणतात पण बांधला पोर्तुगीजांनी, 1555 च्या सुमारास, कोचीच्या राजाला भेट म्हणून, आणि कारण काय तर त्यांनी देऊळ लुटलं होतं, राजाचा राग शांत करायचा होता असं सांगतात. डचांनी नंतर डागडुजी केली आणि नाव त्यांचं लागलं. बाहेरून बघून वाटतं एवढंच? आत राजाच्या निजायच्या खोलीत भिंतभर रामायण आहे. रंग मातीचे, पिवळे, तांबडे, हिरवे, माणसं एकमेकांत इतकी दाटलेली की एक श्वास घ्यायला जागा नाही. इथे गाइडला घाई करू देऊ नका, पुत्रकामेष्टी यज्ञापासून क्रमाने सांगायला लावा, आई तर त्याच्या आधीच सांगत सुटली होती. आत फोटो काढू देत नाहीत, त्यामुळे खरंच बघितलं जातं.

राजवाड्याच्या देवळाला जवळजवळ खेटूनच सिनेगॉग आहे, राजाने ज्यूंना दिलेल्या जागेवर. 1568 चं. पोर्तुगीजांनी 1662 मधे नासधूस केली, डच आल्यावर परत उभं राहिलं. आत खाली बघत चाला, निळ्या-पांढऱ्या चिनी फरशा, हाताने रंगवलेल्या, आणि वर बेल्जियमची झुंबरं. 1948 नंतर इथले बहुतेक लोक इस्रायलला गेले, आता अगदी बोटांवर मोजण्याइतके उरलेत. म्हणून गल्लीतल्या घरांच्या खिडक्यांत डोकावून फोटो काढू नका, प्लीज. दुकानं भरपूर आहेत, मसाले घ्यायचे तर मघाशी बाजार रोडवर बघितलेत तिथे भाव विचारून मग इथे घ्या.

आता एक गोष्ट जी बहुतेक वॉकमधे नसते आणि आपण मराठी लोकांनी मागून घ्यावी. चेरलायी भाग. पोर्तुगीजांच्या त्रासाने गोव्यातून निघालेली गौड सारस्वत कुटुंबं इथे आली आणि कोचीच्या राजाच्या आसऱ्याने वसली, त्यांचं तिरुमल देवस्थान इथेच आहे. रस्त्यात कोंकणी ऐकू येते. पाण्याला उदक म्हणतात, आईने ते ऐकलं आणि थबकली, तिची आजी म्हणायची तसं. गाइडला हेही विचारा की डच गव्हर्नर व्हान ऱ्हेडेने मलबारच्या वनस्पतींवर जो 12 खंडांचा ग्रंथ केला, होर्तुस मलाबारिकुस, 1678 ते 1693 मधे अ‍ॅमस्टरडॅमला छापलेला, त्यात कोणाची मदत होती. इट्टी अच्युतन नावाचे स्थानिक वैद्य होते आणि रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट हे तीन कोंकणी ब्राह्मण. त्या तिघांचं पत्र पहिल्या खंडात छापलंय, कोंकणीत, आणि लिपी नागरी. म्हणजे आपली अक्षरं साडेतीनशे वर्षांपूर्वी अ‍ॅमस्टरडॅमच्या छापखान्यात पोचली ती या गल्ल्यांतून. आमच्या गाइडला हे माहीत होतं पण तो म्हणाला कोणी विचारत नाही म्हणून सांगत नाही. सगळं हेच आहे बघा, विचारल्याशिवाय ते सांगत नाहीत, त्यांच्याकडे ठरलेला दोन तासांचा माल असतो आणि खरा माल प्रश्नामागे असतो.

पाय चालत असतील तर वेळी नावाच्या भागातल्या धोबीखान्याला पण जाऊन या, तमिळ वण्णान समाजाचे लोक अजून हाताने धुतात, नारळाच्या काथ्याच्या दोऱ्यांवर चिमट्यांशिवाय कपडे वाळत घालतात, पीळ दिलेल्या दोन दोऱ्यांच्या मधे टोक खोचून. कामाची जागा आहे, त्यामुळे विचारून आत जा आणि इस्त्रीच्या टेबलांना टेकू नका.

टिप किती द्यायची ते तुमचं तुम्ही ठरवा, पण ग्रुप वॉक फुकट म्हणून जाहिरात केलेला असेल तर तो फुकट नसतो, त्या माणसाचं पोट टिपवरच असतं, त्यामुळे सुटे पैसे सकाळीच जवळ ठेवा. आणि परतीची शेवटची बोट किती वाजता आहे ते जेट्टीवर उतरल्या उतरल्या बघून फोटो काढून ठेवा. आमची हुकली, मग रिक्षाने पुलांवरून फिरून एर्णाकुळमला आलो, भाचा खुश कारण रिक्षावाल्याने त्याला पुढे बसवलं.